खोटी साक्ष आणि चाकाची खुर्ची

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जाण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. आमच्या यादीत गेली दोन वर्षे एका सतरा वर्षांच्या मुलाचेही नाव आहे. अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, पायांतील शक्ती गेली आणि तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीतून वावरतो. मागच्या एका शुक्रवारी प्रार्थना आटोपल्यावर त्याने परदेशी असलेल्या मामाने पाठवलेले एक इंग्रजी चित्रकथांचे पुस्तक आमच्यासमोर उघडून धरले आणि म्हणाला, "फादर, ह्या चित्रात काय चुकलंय, सांगा बघू."

चित्रात चष्मा लावलेली, तांबड्या केसांची एक तरुणी चाकाच्या खुर्चीत बसून संगणकाच्या पडद्यांकडे पाहत होती. आमच्या पेशाला साजेशी शंका प्रथम आमच्या मनात आली. परंतु तिचा पोशाख नीटनेटका होता. आम्ही हार मानली. तेव्हा तो म्हणाला, "खुर्ची बघा ना, फादर. मागे ढकलायचे दांडे आहेत. ही तर एकटी राहते, सगळं एकटीनं करते. हिला ढकलायला येतं कोण? ही खुर्ची हॉस्पिटलातली आहे, हिची नाही."

आम्ही हसलो, त्याच्या बारीक नजरेचे कौतुक केले आणि निघताना, त्याला ओसरीपर्यंत सोबत न्यावे म्हणून, सवयीने त्याच्या खुर्चीचे दांडे हाती धरले. तो काही बोलला नाही. त्याने फक्त दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि खुर्ची जागच्या जागी थांबवली. घरी परतताना आम्हांस आठवले की ती जड, रुंद, मागे दांडे असलेली खुर्ची आमच्याच धर्मग्रामाच्या मदत मंडळाने त्याला भेट दिली होती. ती देताना छायाचित्र काढले गेले होते. त्याचे माप मात्र कोणी घेतले नव्हते.

ह्या प्रसंगाने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला तो वरवर पाहता क्षुल्लक आहे. चित्रकथेतील खुर्ची चुकीची काढली तर त्यात नैतिक असे काय बिघडले? ज्या पुस्तकांत माणसे आकाशातून उडतात, भिंतींतून आरपार जातात, तेथे एका खुर्चीच्या दांड्यांवरून वाद घालणे म्हणजे राईचा पर्वत करणे नव्हे काय? आमच्या एका धर्मगुरू मित्राने नेमके हेच विचारले, आणि त्याचा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

आमच्या मते ह्याचे उत्तर असे. उडणारा माणूस कोणाची फसवणूक करीत नाही, कारण माणूस उडत नाही हे चिमुकल्या वाचकालाही ठाऊक असते. कल्पित ते कल्पित म्हणूनच त्याच्या मनात जाते. चाकाची खुर्ची मात्र बहुतेक वाचकांनी जवळून पाहिलेली नसते. तिच्यात बसलेल्या माणसाचा दिवस कसा उगवतो नि कसा मावळतो, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून त्या बाबतीत चित्र जे दाखवील तेच ज्ञान म्हणून मनात ठाण मांडून बसते. जेथे वाचक जाणता आहे तेथे कल्पनेला मोकळे रान असावे. जेथे तो अजाण आहे तेथे चित्रकार, त्याची इच्छा असो वा नसो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. आणि साक्ष म्हटली की शेजाऱ्याविरुद्ध खोटे बोलण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा लागू झालीच.

चित्राला साक्षीचे हे महत्त्व देणे आपल्या ख्रिस्तसभेला नवे नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेय येथील बिशप सेरेनुस ह्यांनी आपल्या मंदिरांतील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप महान ग्रेगरी ह्यांनी त्यांना पत्र पाठवून समजावले की अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्र हाच ग्रंथ असतो. पुढे 787 साली निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने संत बाझिल ह्यांच्या विचाराचा आधार घेऊन ठरवले की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. तो ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो. परिषदेसमोर प्रश्न होता तो ख्रिस्त, माता मरिया आणि संत ह्यांच्या प्रतिमांचा. परंतु तत्त्व एकदा मान्य केले की त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. मान जर प्रतिमेतून मूळ व्यक्तीपर्यंत जातो, तर अवमान तेथेच का अडावा? आणि प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, असे आपण लहान मुलांना धर्मज्ञानाच्या वर्गात शिकवतो. मग त्या प्रतिरूपाचे चित्र काढणाऱ्यावर थोडी तरी जबाबदारी येतेच.

आता त्या इंग्रजी चित्रकथांकडे वळू. आमचा ह्या विषयाचा अभ्यास तोकडा होता. त्या मुलाने दिलेली पुस्तके आम्ही मागाहून वाचली, आणि आणखीही काही मिळवली. अमेरिकी चित्रकथांत 1963 हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षाच्या जून महिन्याच्या अंकात 'डूम पेट्रोल' ह्या पथकाचा चीफ अवतरला आणि सप्टेंबरच्या अंकात स्टॅन ली व जॅक कर्बी ह्यांच्या 'एक्स-मेन'मधील प्रोफेसर एक्स. दोघेही असामान्य बुद्धीचे, दोघेही पथकाचे प्रमुख आणि दोघेही चाकाच्या खुर्चीत. तीन महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या प्रकाशनसंस्थांनी जवळजवळ एकच पात्र निर्माण करावे, ह्यावरून त्या काळच्या कल्पनेची घडण दिसते. खुर्ची तेथे एका विचाराचे चिन्ह होती: शरीर स्थिर, बुद्धी संचारी. चिन्हाला माप लागत नाही, उशी लागत नाही, जिन्यापाशी थांबावे लागत नाही. पुढे तर प्रोफेसर एक्सला जमिनीपासून वर तरंगणारी खुर्ची मिळाली आणि पायऱ्यांचा प्रश्न कायमचा मिटला. त्याचे पायही एकाहून अधिक वेळा बरे झाले, पुन्हा गेले, पुन्हा बरे झाले. कथेला जशी गरज लागली तसे ते होत गेले.

ह्या चिन्हात वाईट ते काय, असे कोणी विचारील. अकराव्या शतकात रायखेनाऊच्या मठात हर्मान नावाचे एक बेनेडिक्टाइन संन्यासी होऊन गेले. त्यांना स्वतःहून हलणेही कठीण होते. खुर्चीत बसवून त्यांना उचलून न्यावे लागे. त्यांनी खगोलशास्त्रावर, संगीतावर, इतिहासावर लिहिले. 'साल्वे रेजिना' हे आपण आजही गातो ते स्तोत्र परंपरेने त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे दुबळ्या शरीरात प्रखर बुद्धी असणे ही काही केवळ कल्पना नव्हे. परंतु हर्मान ह्यांना उचलणारे हात होते, त्यांची बोबडी वाणी लक्ष देऊन ऐकणारे शिष्य होते, थंडीवाऱ्यात त्यांची काळजी वाहणारा सबंध मठ होता. खऱ्या शरीराभोवती नेहमी असा एक संसार असतो. चिन्हाभोवती तो नसतो. चित्रातून तो पुसला गेला की वाचकाला वाटू लागते, बुद्धी असली की बाकीचे आपोआप होते; आणि ज्याच्यापाशी तशी अलौकिक बुद्धी नाही, त्या साध्यासुध्या माणसाने खुर्चीत बसून जगात काय मुद्रा घेऊन यावे, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

त्या मुलाने दाखवलेली तरुणी म्हणजे बार्बरा गॉर्डन. 1967 साली ती बॅटगर्ल म्हणून चित्रकथेत आली. दिवसा ग्रंथपाल, रात्री गुन्हेगारांची कर्दनकाळ. 1988 साली ॲलन मूर ह्यांनी लिहिलेल्या व ब्रायन बोलंड ह्यांनी रेखाटलेल्या 'द किलिंग जोक' ह्या कथेत जोकर नावाचा खलपुरुष तिच्या दारात येऊन तिच्यावर गोळी झाडतो आणि तिचा पाठीचा कणा निकामी होतो. चित्रे अप्रतिम आहेत, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या कथेत तिच्या दुःखाला स्वतःचे असे मोल नाही. तिच्या वडिलांना वेड लागावे, एवढ्यासाठीच तिच्यावर गोळी झाडली जाते. कथा संपते तेव्हा दोन पुरुष पावसात उभे असतात, आणि ती कोठे आहे, उद्या सकाळी कशी उठणार आहे, ह्याची विचारपूसही होत नाही.

ही विचारपूस जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल ह्या लेखक पतिपत्नीने केली. 1989 साली त्यांनी तिला 'ओरॅकल' ह्या नावाने परत आणले. ती आता संगणकाच्या साहाय्याने माहिती गोळा करते, इतरांना वाट दाखवते, आणि अनेक वीरपुरुषांचे तिच्यावाचून पान हलत नाही. 1996 साली त्याच दोघांनी तिच्या पहिल्या वर्षाची कथा सांगितली: दवाखान्यातले दिवस, संताप, एकटे बाहेर पडण्याची भीती आणि बसल्या जागेवरून दोन छोट्या काठ्यांनी स्वतःचे रक्षण करण्याचे धडे. त्या कथेत ती बरी होत नाही. ती जगायला लागते. खुर्चीतील असंख्य वाचकांनी तिला आपली मानले, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

आणि तरीसुद्धा, वर्षानुवर्षे अनेक चित्रकारांनी तिला इस्पितळाची खुर्ची दिली. ह्या गोष्टीचे मर्म समजण्यासाठी खुर्चीचा थोडा इतिहास पाहू. कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणकामाचे अभियंते अपघाताने अधू झाले होते. त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज ह्यांनी 1933 च्या सुमारास त्यांच्यासाठी पोलादी नळ्यांची, घडी घालून मोटारीत ठेवता येणारी खुर्ची बनवली. एका मित्राने दुसऱ्या मित्रासाठी, त्याला फिरता यावे म्हणून केलेली ही वस्तू. पुढे तिचे कारखान्यात हजारोंनी उत्पादन झाले, दवाखान्यांनी ती घाऊक विकत घेतली, आणि सर्वांना एकाच मापाची, मागे दांडे असलेली खुर्ची हेच जगाच्या डोळ्यांसमोरचे चित्र ठरले. मग 1978 साली कॅलिफोर्नियातच मॅरिलिन हॅमिल्टन नावाची तरुणी हँग-ग्लायडरवरून उडताना पडली. तिला मिळालेली खुर्ची तिला असह्य जड वाटली. तिच्या ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांनी त्याच कामातील ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून तिला निम्म्याहून हलकी खुर्ची करून दिली आणि 1979 पासून तशा खुर्च्या बाजारात येऊ लागल्या.

म्हणजे खुर्च्या दोन जातींच्या आहेत. एक ढकलणाऱ्यासाठी केलेली: पाठ उंच, हात टेकायला दोन्हीकडे आडव्या दांड्या, मागे मुठी, बैठक झोळीसारखी सैल. दुसरी बसणाऱ्यासाठी केलेली: पाठ कमरेपर्यंतच, म्हणजे खांदे मोकळे राहतात, चाके खालच्या बाजूस किंचित फाकलेली, म्हणजे वळताना तोल राहतो, चाकाच्या बाहेर हाताने धरायला वेगळे कडे, बैठक त्या माणसाच्या कमरेच्या नेमक्या मापाची, आणि खाली चांगली उशी. कारण ज्याच्या कातडीला स्पर्श जाणवत नाही, त्याला एकाच जागी बसून जखमा होतात आणि त्या जिवावर बेततात. असा माणूस थोड्या थोड्या वेळाने हातांवर शरीर उचलून भार हलवीत असतो. त्याचे पाय कालांतराने बारीक होतात, खांदे भरतात, तळहातांना घट्टे पडतात. हे सर्व ज्याला ठाऊक आहे, त्याला चित्रातील खुर्ची पाहताच कळते की चित्रकाराने कोणाकडे पाहून चित्र काढले: बसणाऱ्याकडे की त्याच्या मागे उभ्या असलेल्याकडे.

येथे आम्हांस आपल्या मराठीतील एक शब्दप्रयोग बोचू लागला. आपण सहज म्हणतो, अमुक मनुष्य खुर्चीला खिळलेला आहे. खिळणे म्हणजे खिळ्यांनी ठोकणे. आपण ख्रिस्ती लोकांना तरी ह्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. तो आपल्या मंदिरात वेदीच्या वर टांगलेला आहे. परंतु त्या मुलाची खुर्ची हा त्याचा क्रूस नव्हे. खुर्ची हे त्याचे पाय आहेत. क्रूस असलाच तर तो आमच्या मंदिराच्या तीन पायऱ्यांचा आहे आणि तो देवाने दिलेला नाही; आमच्या गवंड्याने बांधला आहे. जे ओझे आपण रचले ते देवाच्या इच्छेच्या खात्यावर मांडणे, हीही एक खोटी साक्षच म्हणावी लागेल.

परंतु एवढ्यावर थांबलो तर विषय अर्धाच राहील. समजा, चित्रकाराने खुर्चीचा प्रत्येक खिळा, प्रत्येक आरा अचूक काढला. मग चित्र सत्य झाले काय? आम्ही सेमिनरीत शिकलो होतो की सत्य म्हणजे वस्तू आणि बुद्धी ह्यांचा मेळ, असे संत थॉमस अक्वायनस ह्यांचे मत आहे. ह्यातील वस्तू म्हणजे केवळ खुर्ची नव्हे. तिच्यात बसलेला मनुष्य ही मुख्य गोष्ट. खुर्ची बिनचूक असूनही तो माणूस केवळ इतरांना रडवण्यासाठी, वा इतरांना स्फूर्ती देण्यासाठी चित्रात बसवला असेल, तर ते चित्र खोटेच. उलट, दांडे चुकले असूनही 1996 सालच्या त्या कथेत बरेच सत्य आहे. तेव्हा बारकाव्यांचा अचूकपणा ही सत्याची सांगता नसून सुरुवात आहे, असे म्हणू. घरी पाहुणा आला तर आपण त्याचे नाव नीट उच्चारतो. तेवढ्याने पाहुणचार होत नाही, पण नावच चुकले तर पुढच्या पंक्तीची चव जाते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. 2011 साली प्रकाशनसंस्थेने आपल्या सर्व कथा नव्याने सुरू केल्या आणि बार्बरा गॉर्डन पुन्हा चालू लागली, पुन्हा बॅटगर्ल झाली. त्यावर मोठा वाद माजला. खुर्चीतील कित्येक वाचक हळहळले: आमच्यासारखी एकच होती, तीही तुम्ही नेलीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही विचार करण्यासारखे होते. त्याच कथाविश्वात 1993 साली बॅटमॅनचा कणा मोडला होता, तोही काही काळ खुर्चीत बसला होता, आणि लवकरच बरा होऊन छपरांवरून उड्या मारू लागला. जेथे मेलेलेही परत येतात तेथे एकट्या तिनेच का म्हणून खुर्चीत राहावे?

हा वाद वाचताना आम्ही अस्वस्थ झालो, कारण तो चित्रकथांपुरता नाही. आपले शुभवर्तमान तर बरे झालेल्यांनी भरलेले आहे. छपर उकलून खाली सोडलेला पक्षाघाती उठतो, बाज उचलतो आणि सर्वांदेखत चालू लागतो. आमच्या पौरोहित्याच्या काळात त्या उताऱ्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी आम्ही उठून चालण्याला तारणाचे चित्र म्हटले, आणि ओघाओघात न चालण्याला पापाचे. मंदिरात त्या दिवशी खुर्चीत कोणी बसलेले असेल, तर त्याने काय ऐकले? तू जसा आहेस तसा तू अजून पुरता तारलेला नाहीस, हेच ना?

तो उतारा आम्ही पुन्हा वाचला. प्रभू त्या माणसाला आधी पापक्षमा देतो आणि पायांचे नंतर पाहतो. क्षमा मिळाली तेव्हा तो बाजेवरच होता. चालू लागण्यापूर्वीच त्याला 'मुला' अशी हाक मिळाली होती. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला प्रभू आधी विचारतो की त्याला बरे व्हायचे आहे काय. यरीहोच्या वेशीवरील आंधळ्या बार्तिमयाचे दुःख तर उघड दिसत होते. तरी प्रभू त्याच्याकडून काय हवे ते वदवून घेतो. ज्याला सर्व ठाऊक तो विचारतो. आम्ही मात्र न विचारता दांडे धरतो. आणि पुनरुत्थित प्रभूच्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण तसेच राहिले, हे थोमाने पाहिले. संत ऑगस्टीन ह्यांनी 'देवाचे नगर' ह्या ग्रंथाच्या शेवटल्या भागात असे मानले आहे की हुतात्म्यांच्या देहांवरील व्रण स्वर्गातही दिसत असावेत, आणि ते तेथे व्यंग न वाटता शोभा वाटतील. देहाची पूर्णता म्हणजे जखमेचा मागमूस पुसणे, असे आपल्या श्रद्धेने कधी म्हटलेले नाही.

ह्याचा अर्थ दुःखाचे कौतुक करावे, असा कोणी काढू नये. बरे होण्याची इच्छा पवित्र आहे, औषधोपचार पवित्र आहे, आणि उद्या एखाद्या शस्त्रक्रियेने तो मुलगा उभा राहिला तर मंदिराची घंटा आम्ही स्वतः वाजवू. परंतु जीवनात बरे होणे ही कृपा असते. कथेत बरे करणे ही लेखकाची निवड असते. लेखक जेव्हा खुर्चीतील एकमेव नायिकेला उठवून उभी करतो, तेव्हा तिच्यापुरते मंगल होते, पण हजारो वाचकांना तो नकळत सांगून जातो की खुर्चीत असेपर्यंत कथा अपुरी होती. बॅटमॅनच्या बरे होण्याने असे काही सांगितले जात नाही, कारण उभ्या नायकांची वाण कधीच नव्हती. न्याय म्हणजे सर्वांना सारखेच वागवणे नव्हे, हे आपण घरातल्या पंगतीवरूनही जाणतो. म्हणून त्या वादात आमचा कौल हळहळणाऱ्यांच्या बाजूने पडतो. तिने बरे होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. तिच्या जागी दुसरी कोणी बसवल्यावाचून ती खुर्ची रिकामी करायला नको होती, एवढेच.

मग चित्रकाराने करावे काय? 2010 साली दमास्कस येथे अमेरिकेतील व सिरियातील अपंग तरुण एकत्र जमले आणि त्यांच्या कल्पनांतून 'सिल्व्हर स्कॉर्पियन' ही चित्रकथा तयार झाली. तिचा नायक चाकाच्या खुर्चीतील एक मुसलमान मुलगा आहे. शरद देवराजन ह्यांच्या लिक्विड कॉमिक्सने ती साकार केली. ती चित्रकथा श्रेष्ठ आहे की नाही, ह्याचा निवाडा इतरांनी करावा. आम्हांस महत्त्वाची वाटते ती तिची रीत. चित्र काढण्याआधी, ज्यांचे चित्र काढायचे त्यांना विचारले गेले. यरीहोच्या वेशीवरची रीत ती हीच.

2022 च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकाच्या खुर्चीतून लोकांसमोर आले आणि 2025 च्या एप्रिलमध्ये प्रभूघरी जाईपर्यंत ती खुर्ची जगाला परिचित झाली. पेत्राचे आसन आणि चाकाची खुर्ची ह्यांत विसंगती आहे, असे तेव्हा आपणांपैकी कोणालाही वाटले नाही. त्यांनीच 2020 च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' ह्या परिपत्रकात अपंगांना आपल्याच समाजात लपलेले निर्वासित म्हटले होते: ते आपल्यात असतात, परंतु आपले धरले जात नाहीत. परिपत्रक आम्ही वाचले होते, त्यावर प्रवचनही केले होते. आणि त्या प्रवचनाच्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील तो निर्वासित घरीच होता, कारण मंदिराला पायऱ्या आहेत.

मागच्या शुक्रवारी आम्ही त्याला विचारले की त्याचे नाव आजाऱ्यांच्या यादीत आहे, ह्याचे त्याला काय वाटते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, मी आजारी कुठे आहे? माझी बारावी आहे यंदा." त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला. आम्हांस त्याची क्षमा मागायची होती. ती नीट मागता आली नाही.

यादी म्हणजेही एक चित्रच असते. त्या चित्रात आम्ही एका धडधाकट मनाच्या विद्यार्थ्याला दोन वर्षे रुग्ण म्हणून रंगवले होते, कारण तसे रंगवणे उतार बांधण्यापेक्षा सोपे होते. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार असावा, असा ठोकताळा आहे. आमच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट भरते. म्हणजे अठरा फुटांचा उतार हवा. तो डाव्या बाजूने काढला तर मोटारी उभ्या करण्याची जागा जाते. उजव्या बाजूने काढला तर एका दानशूर कुटुंबाने बांधून दिलेल्या माऊलीच्या गुंफेचे कुंपण हलवावे लागते. दोन्ही बाजूंनी नाराजी ओढवणार, हे आम्ही जाणतो. येत्या रविवारी धर्मग्राम मंडळाची सभा आहे. आराखडा त्या मुलानेच काढून दिला आहे. कोपऱ्यात वळायला किती जागा लागते, ते त्याने स्वतःच्या खुर्चीने मोजले आहे. सभेत तो आम्ही मांडणार आहोत, आणि उतार मंजूर होवो वा न होवो, आजाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव आम्ही आजच काढले आहे.